तांब्याच्या तारेचा पक्षी



तांब्याच्या तारेचे, पक्ष्याच्या आकाराचे गळ्यातले पदक कसे करावे, ते थोडक्यात सांगते.

जाड तार सुमारे १ मिलिमीटरची व बारीक ०.३ मिलिमीटरची घ्यावी. मोटारीच्या गुंडाळीतली तार नको. तिच्यावर लेप असतो, तापवल्यास वाईट धूर येतो. तांबे पुन्हा पुन्हा वाकवले की ताठर होऊन तुटते. म्हणून जाड तार चिमट्यात धरून मंद लाल होईतो तापवावी व पाण्यात विझवावी. पोलाद असे केल्याने कडक होते, तांबे मात्र मऊ राहते.

कागदावर पक्षी काढून त्या रेघेवरून तार वळवावी. पाठीवर कडी ठेवावी. पोटात पाच-सहा उभ्या तारा बांधून बारीक तार सुपाच्या विणीसारखी एकीवरून, एकीखालून न्यावी. टोके आत दडपावीत, नाहीतर कडेवरच्या मुलाचा गाल ओरबाडतो. घामाने तांबे काळवंडते, कातडीवर हिरवट डाग पडतो. चिंचेने घासून कोरडे पुसावे.

आता मुख्य गोष्ट किमतीची. गिऱ्हाईक म्हणते, "घरी बसूनच तर केले!" आणि आपण नुसत्या तांब्याचे पैसे घेतो. तार थोडीच लागते, पण आपली अख्खी दुपार जाते. घड्याळ पाहून तास लिहावेत, मजुरी धरावी, मगच किंमत सांगावी. पहिला पक्षी लेकीला द्या. दुसऱ्यापासून हिशेब ठेवा.