पेशीला मरता आलं पाहिजे

(हे बोलणं आधी धुळ्यात झालं, मग जळगावात. जळगावच्या रेकॉर्डिंगवरून केलेलं हे शब्दांकन आहे. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



खान्देशात बोलायचं तर सुरुवात कापसापासूनच करू. तुम्ही सगळ्यांनी कापूस वेचलाय, निदान हाताळलाय तरी. कापसाचा एक धागा म्हणजे काय, हे मला कॉलेजात जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. तो सरकीच्या सालीवरची एकच पेशी असतो. एकच! बोंडाच्या आत ती पेशी दोन-अडीच, कधी तीन सेंटिमीटरपर्यंत लांबते, आतून सेल्युलोजचे थर भरत जाते आणि काम झालं की मरते. बोंड फुटतं तेव्हा आपण जे वेचतो, ते सगळं मेलेल्या पेशींचं असतं. ती पेशी मेली नसती तर अंगावर सुती कपडा आला नसता.

पेशी मरतात कशा, हे बघणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. लोक विचारतात, "मरणाचा कसला अभ्यास करता?" मी म्हणते, अहो, तुमची बोटं बघा. आईच्या पोटात असताना आपल्या हाताचं आधी वल्ह्यासारखं पान तयार होतं. मग बोटांच्या मधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात आणि बोटं सुटी होतात. आत्ता, मी बोलतेय तोवरसुद्धा, तुमच्या शरीरात लाखो पेशी अशा मरतायत आणि तुम्हाला पत्ताही नाही.

या मरणाला नाव मिळालं 1972 मध्ये. केर, वायली आणि करी या तिघांनी ते दिलं: अपॉप्टोसिस. मूळ ग्रीक शब्द, अर्थ झाडावरून पान गळणं. मला हे नाव फार आवडतं, कारण भाजल्यावर किंवा ठेचल्यावर पेशी मरते ते वेगळं. तिथे पेशी फुगते, फुटते, आजूबाजूला सूज येते. अपॉप्टोसिसमध्ये मात्र पेशी आवराआवर करून जाते. आक्रसते, आतला डीएनए कापते, स्वतःच्या छोट्या छोट्या पुड्या बांधते आणि शेजारच्या पेशी त्या पुड्या खाऊन टाकतात. मागे पसारा राहत नाही.

हे ठरलेलं असतं म्हणजे किती ठरलेलं? एक मिलिमीटरभर लांबीचा एक कृमी आहे, सी. एलेगन्स. त्याच्या वाढीत शरीराच्या 1090 पेशी तयार होतात आणि त्यातल्या बरोब्बर 131 मरतात. प्रत्येक कृमीत त्याच 131. त्यावरून मरणाची जनुकं सापडली आणि ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना 2002 चं नोबेल मिळालं. तशीच जनुकं माणसातही आहेत.

आता कॅन्सरकडे येऊ. आपण म्हणतो, कॅन्सर म्हणजे पेशी भराभर वाढणं. ते खरं आहे, पण अर्धंच. बिघडलेली पेशी रोजच कुठे ना कुठे तयार होते. तिच्यात पी-53 नावाचं एक प्रथिन असतं. डीएनएला इजा झाली की ते पेशीला सांगतं: थांब, दुरुस्ती कर. दुरुस्ती होत नसेल तर मर. बहुतेक वेळा पेशी ऐकते. जी ऐकत नाही, तिथून कॅन्सरची सुरुवात होऊ शकते. म्हणजे कॅन्सरच्या पेशीचं एक मोठं लक्षण हे, की मरायला हवं तेव्हा ती मरत नाही.

इथे मला एका मराठी बाईंचं नाव घ्यायचंय. कमल रणदिवे. जन्म पुण्याचा, 1917 चा. मुंबईत टाटा मेमोरियलला डॉ. खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली, 1949 मध्ये. नंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकल्या आणि परत येऊन मुंबईत त्यांनी भारतातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी जगवायची विद्या आपल्याकडे अशी आली. आज आम्ही जे करतो, ते त्यांच्या वाटेवरून चालत करतो.

याच जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत 1951 मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतल्या पेशी वाढायला लागल्या. तिला कोणी विचारलंही नव्हतं. ती त्याच वर्षी, 31 व्या वर्षी गेली. पेशी मात्र अजून जगभर वाढतायत. त्यांना हेला म्हणतात. हेन्रिएटाला झाला होता तो गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर.

माझ्या हातात हेलाची बाटली पहिल्यांदा आली तेव्हा मला माझी मोठीआई आठवली. आमचं गाव धुळ्याजवळचं. मोठीआईची पाळी जाऊन सात-आठ वर्षं झाली होती आणि परत अंगावरून जायला लागलं. कोणी विचारलं की म्हणायची, "माले काही व्हयेल नई." वर्षभर लपवलं. दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. तोच कॅन्सर. बाटलीतल्या पेशी दर दोन-तीन दिवसांनी वाटून दुसऱ्या बाटल्यांत घालाव्या लागायच्या, इतक्या वाढायच्या. मला त्यांचा राग यायचा, खरंच सांगते.

मग समजलं की हेलामधलं पी-53 चं जनुक शाबूत आहे. बिघडलेलं नाही! मग पेशी ऐकत का नाही? कारण तिच्यात एचपीव्ही नावाचा विषाणू बसलाय, 18 नंबरचा प्रकार. त्याचं ई-6 नावाचं प्रथिन पी-53 तयार झालं रे झालं की त्याची विल्हेवाट लावतं. प्रयोगशाळेत विषाणूची ही जनुकं बंद केली की पी-53 परत येतं आणि हेलाची वाढ थांबते. इतकी वर्षं झाली तरी! म्हणजे थांबायचं कसं, हे ती पेशी विसरलेली नव्हती. तिचं तोंड दाबून ठेवलं होतं.

याच्यातूनच आपल्या कामाची गोष्ट निघते. हा विषाणू अंगात शिरला की लगेच कॅन्सर होत नाही. बहुतेक जणींच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्याजणींच्यात टिकतो, आणि तिथूनही कॅन्सर व्हायला साधारण दहा-वीस वर्षं लागतात. एवढा वेळ दुसरे कॅन्सर सहसा देत नाहीत. मोठीआईलाही तो मिळाला होता. आम्हाला माहीत नव्हतं.

हे नुसतं पुस्तकी नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांचा अभ्यास केला. निकाल आला 2009 मध्ये. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, त्यातल्या 34 हजार बायकांमध्ये आठ वर्षांत या कॅन्सरने 34 मृत्यू झाले. ज्या गटात अशी तपासणी झाली नाही, तिथे साडेएकतीस हजारांमध्ये 64. आयुष्यात एकदा केलेली तपासणी, आणि मृत्यू जवळजवळ निम्मे. आपल्यासारख्याच, शेतात राबणाऱ्या बायका होत्या त्या.

तेव्हा तिशी ओलांडलेल्या बायकांनी तपासून घ्या. सरकारी कार्यक्रमात व्हीआयए नावाची तपासणी आहे. व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावतात, खराब जागा पांढरी दिसते. काही मिनिटांचं काम. सुरुवातीचा डाग असेल तर तो गोठवून किंवा काढून टाकता येतो, पिशवी काढायची गरज बहुधा पडत नाही. मुलींसाठी लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीला 2022 मध्ये परवानगी मिळाली. ती 9 ते 14 या वयात दिली तर उत्तम. मात्र आधीच शिरलेल्या विषाणूला लस काढत नाही, म्हणून मोठ्यांना तपासणीला पर्याय नाही. आणि पाळी गेल्यावर परत रक्त दिसलं तर एक आठवडाही थांबू नका.

धुळ्यात एका ताईंनी सगळे उठल्यावर हळूच विचारलं, "मॅडम, हा विषाणू निघाला तर घरचे आमच्यावर संशय घेतील ना?" मी त्यांना सांगितलं तेच इथे मोठ्याने सांगते, कारण पुरुषमंडळीही बसली आहेत. हा विषाणू बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होतो. पुरुषांना तो बहुधा कळतही नाही. एका नवऱ्यासोबत आयुष्य काढलेल्या बाईलाही होतो. त्याचा चारित्र्याशी संबंध जोडू नका. त्या भीतीपायी बायका गप्प बसतात आणि हातात असलेली वर्षं निघून जातात.

केळीचा घड उतरला की खांब संपतो आणि पिलबाग उभी राहते, हे तुम्हाला मी काय सांगू? वेळेवर गेलेल्याचं दुःख नसतं. मोठीआई वेळेआधी गेली, आणि पेशी वेळेवर मरत नव्हत्या म्हणून गेली. घरी गेल्यावर आईला, काकूला, सासूला एवढंच विचारा: "तपासून घेतलंस का?"