यरुशलेमच्या सणातील मतभेद



ख्रिस्तचरित्र मराठी भाषेला परके नाही. फादर स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइट पाद्र्याचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून केलेले बायबलचे भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. तथापि सगळे चरित्र सांगण्याचा आमचा आज विचार नाही. योहानाच्या शुभवर्तमानातील सातवे प्रकरण तेवढे आम्ही निवडले आहे. त्यात उपदेशकाइतकेच त्याच्याविषयी बोलणारे लोकही आपल्याला ऐकू येतात, आणि त्या लोकांचे एकमत नाही. ह्या मतभेदाचा जगाला पुढे विसर पडला, आणि त्या विसराची किंमत अनेक पिढ्यांतील निरपराध माणसांना द्यावी लागली, हे आम्हांस आज मांडावयाचे आहे.

प्रसंग मंडपांच्या सणाचा आहे. शरद ऋतूत सुगी संपली की हा सण येई. पूर्वज मिसर देशातून सुटून अरण्यात भटकले, त्याची आठवण म्हणून सात दिवस डहाळ्यांच्या मांडवात राहावयाचे. गावोगावचे यात्रेकरू यरुशलेमच्या मंदिरात जमत. ह्या गर्दीत गालील प्रांतातला येशू आला आहे काय, ह्याचीच सर्वत्र विचारपूस चालली होती. त्यापूर्वी त्याने ह्याच नगरीत ३८ वर्षे आजारी असलेल्या एका मनुष्यास बरे केले होते. परंतु तो दिवस शब्बाथचा, म्हणजे विश्रांतीचा होता. शब्बाथ म्हणजे काय हे कोकणच्या माणसाला निराळे सांगावयास नको. आपल्याकडील बेने इस्रायल लोक शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून तर त्यांना 'शनवार तेली' हे नाव पडले.

आता लोक काय म्हणतात ते पाहा. कोणी म्हणतो, मनुष्य चांगला आहे. दुसरा म्हणतो, तो लोकांना भुलवतो आहे. परंतु हे सारे कुजबुजत, कारण वरिष्ठांचे भय आहे. तो मंदिरात शिकवू लागतो तेव्हा आश्चर्य वाटते ते असे की, कोणा गुरूपाशी न शिकता ह्याला ही विद्या आली कोठून? शब्बाथच्या आक्षेपाला तो शास्त्राच्याच आधाराने उत्तर देतो. मुलाची सुंता आठव्या दिवशी करावयाची, तो दिवस शब्बाथचा असला तरी ती होते. मग त्या दिवशी अख्खा माणूस बरा केला तर राग का यावा? हा वाद शास्त्र मानणाऱ्या दोन पक्षांतला आहे, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

पुढचा आक्षेप त्याच्या गावाचा. काहींना हा मसीहा वाटतो. इतर म्हणतात, मसीहा दाविदाच्या वंशातला, बेथलेहेमचा असावयाचा; गालीलातून तो कसा येईल? मत्तय आणि लूक ह्यांच्या शुभवर्तमानांत येशूचा जन्म बेथलेहेमातच झाल्याचे सांगितले आहे. योहान मात्र येथे मध्ये बोलत नाही. लोक जे बोलले ते तो बोलू देतो.

वरिष्ठांनी त्याला धरून आणण्यास शिपाई पाठविले होते. ते रिकाम्या हातांनी परतले. कारण विचारता त्यांनी एवढेच सांगितले की, असे बोलणारा माणूस आजवर ऐकला नाही. परूशी संतापले. शास्त्र न जाणणारा हा जमावच शापित, असा त्यांनी निकाल दिला. तेव्हा त्यांच्यातलाच एक जण, निकदेम, बोलला. माणसाचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून आपले शास्त्र त्याला दोषी ठरविते काय, एवढाच त्याचा प्रश्न होता. उत्तर कोणी दिले नाही. तूही गालीलचाच की काय, असा उलट टोमणा मात्र मिळाला. हाच निकदेम पुढे येशूच्या दफनासाठी सुगंधी द्रव्ये घेऊन आलेला दिसतो.

ह्या मतभेदासाठी मूळ ग्रीकमध्ये 'स्किस्मा' हा शब्द आहे. वस्त्र फाटते त्यालाही तोच शब्द. सातव्या, नवव्या आणि दहाव्या अशा तीन प्रकरणांत योहान तो वापरतो. आता ह्या फाटलेल्या वस्त्राचे तुकडे मोजा. येशूला चांगला म्हणणारे यहूदी, भोंदू म्हणणारे यहूदी, शिपाई यहूदी, निकदेम यहूदी, आणि स्वतः येशूही यहूदीच. असे असता ह्याच प्रकरणात लिहिले आहे की, यहूद्यांच्या भयामुळे कोणी उघड बोलेना. भ्यालेले लोकही यहूदीच होते! तेव्हा येथे त्या शब्दाचा अर्थ सारे राष्ट्र असा घेताच येत नाही; सत्ता हाती असलेली काही मंडळी एवढाच तो निघतो.

पुढच्या वाचकांनी हा विवेक ठेवला नाही. ह्या शुभवर्तमानात तो शब्द सुमारे ७० वेळा येतो, आणि पुष्कळदा विरोधकांना उद्देशून येतो. तेवढ्यावरून, यहूदी लोक सगळे एकजात ख्रिस्ताचे वैरी, असा समज रूढ झाला. १०९६ साली क्रूसयुद्धास निघालेल्या जमावांनी ऱ्हाईन नदीकाठच्या नगरांत यहूद्यांच्या कत्तली केल्या. १२९० साली इंग्लंडने आणि १४९२ साली स्पेनने त्यांना देशाबाहेर घालविले. ह्याला सावकारी, राजकारण, लोभ अशी इतरही कारणे होती. परंतु त्या साऱ्यांना धर्माचे पांघरूण ह्या समजाने पुरविले. ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहूद्यांवर सरसकट ठेवता येत नाही, आजच्यांवर तर नाहीच, असे रोमन कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले ते २८ ऑक्टोबर १९६५ रोजी. सातवे प्रकरण तर आधीपासूनच तेथे होते!

श्रोतेहो, लोकांत फूट पडली हे ऐकले की आपल्याला वाईट वाटते. पण ह्या कथेतील फूट त्या लोकांच्या बाजूची साक्ष आहे. तेथे भिणारे होते, शंका घेणारे होते, हुकूम मिळूनही हात न उचलणारे होते, आणि भर सभेत न्यायाचा प्रश्न विचारणारा एक होता. अमुक जात अशीच, तमुक धर्माचे लोक तसेच, असे वाक्य जेव्हा कोणी आपल्यापुढे उच्चारील, तेव्हा त्यांच्यातला निकदेम कोणता, हे विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी. तो प्रत्येक समाजात असतो. त्याचे बोलणे ऐकू येण्यापुरती शांतता राखणे एवढे तरी आपल्या हाती आहे.