सडपातळ माणसाची कंबर

आम्ही नाशिकचे बँक कर्मचारी दिवसभर खुर्चीत. कंबर धरली की लोक म्हणतात, "तुमचं तर वजनही नाही!" वजनकाट्यावर एवढी श्रद्धा बरी नव्हे. २००४ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, निर्देशांक २२.३, पण अंगातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२! त्यांचा विषय मधुमेहाचा होता, हे खरे. पण मणक्यांमधील चकतीची गोष्ट फार वेगळी नाही. प्रौढपणी तिच्यात रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. पोषण शेजारच्या मणक्यातून झिरपते. चरबी वाढली की दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात उतरतात, पोट सुटले की कमरेच्या खालच्या चकत्यांवर ताण येतो. त्यात स्नायू दुबळे असले, मग विचारूच नका. अर्थात वय, अनुवंश, तंबाखू हेही आहेतच. तेव्हा काट्याबरोबर टेपही घ्यावी. पोटाचा घेर पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा, असे डॉक्टर सांगतात. पायात बधिरपणा आला तर डॉक्टरांना दाखवावे; लघवीवरचा ताबा गेला तर मालीशवाल्याकडे न जाता त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.