इंजिनाला औषध पाजण्याआधी

मंडळी, आषाढी जवळ आली की पंढरपूरच्या वाटेला मोटारींची रीघ लागते. मोहोळकडून, टेंभुर्णीकडून, सांगोल्याकडून, मंगळवेढ्याकडून गाड्या येतात. त्यांत आपल्या खेड्यांतल्या गाड्याही पुष्कळ. कोणी कर्ज काढून जुनी मोटार घेतो. चार वाऱ्यांना भाविकांची ने-आण करतो. एरवी बाजाराला, दवाखान्याला, लग्नाला भाडे मारतो. अशा माणसाची मोटार म्हणजे त्याचा बैल. बैल बसला की घर बसले.

म्हणून वारीच्या आधी तो दुकानात जातो. विचारतो, "इंजिन साफ करायचं औषध हाय का?" दुकानदार तीन-चार रंगीत बाटल्या पुढे मांडतो. आता यातली घ्यावी कोणती? आणि घ्यावी तरी का? आम्ही काही मिस्त्री नव्हे. पण तुम्हांला आता वाचता येते, आणि या कामात निम्मी गोष्ट वाचण्याचीच आहे.

आधी इंजिनात घाण होते कशी ते पाहू. चुलीत लाकूड नीट जळले नाही की भांड्याला काजळी धरते. इंजिनातही तसेच. पेट्रोल किंवा डिझेल पुरते जळले नाही, की नोझलच्या तोंडाशी आणि व्हॉल्व्हवर काजळी बसते. दुसरी घाण ऑइलची. ऑइल फार दिवस बदलले नाही तर त्याचा चिकट गाळ होतो. तो तळाच्या चेंबरात साचतो.

घाण दोन जागी, म्हणून औषधेही निरनिराळी. एक बाटली पेट्रोलच्या टाकीत ओतायची. एक डिझेलच्या टाकीत. एक ऑइलमध्ये. एकीचे दुसरीत चालत नाही. बाटलीवर ते छापलेले असते. बहुधा इंग्रजीत असते, ही खरी अडचण. तर घरच्या शाळकरी पोराला किंवा पोरीला जवळ बसवा आणि तीन गोष्टी वाचून घ्या. कशात ओतायचे? एक बाटली किती लिटरला? कोणत्या गाडीत ओतू नये? दुकानदाराला ही तीन उत्तरे देता येत नसतील, तर त्याची बाटली त्याच्याकडेच राहू द्या.

आता थोडा हिशेब. समजा बाटली ३०० रुपयांची. पेट्रोल शंभराच्या आसपास धरा. म्हंजे बाटलीचे पैसे तीन लिटर पेट्रोलचे झाले. टाकी ३५ लिटरची आणि गाडी लिटरला १५ किलोमीटर देते. भरल्या टाकीत ती ५२५ किलोमीटर जाईल. बाटलीची किंमत त्याच टाकीत निघायची तर गाडी आणखी ४५ किलोमीटर गेली पाहिजे. जाते का, ते वहीत मांडून बघा. "मायलेज दुप्पट" असे ज्या बाटलीवर लिहिले आहे, ती तर हातातही धरू नका.

मग या बाटल्या सगळ्या खोट्या का? तसे नाही. पेट्रोलच्या चांगल्या औषधात साबणासारखा गुण असतो. नोझलवरची काजळी त्याने हळूहळू सुटते. गाडी उभ्या जागी थरथरत असेल, उचल घेताना अडखळत असेल, आणि मिस्त्रीने प्लग व हवेचा फिल्टर पाहून ठीक म्हटले असेल, तर एक बाटली घालून पाहायला हरकत नाही. पण काही नव्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरात उडते. तिथे ते व्हॉल्व्हवरून जातच नाही. मग टाकीतल्या औषधाने व्हॉल्व्ह धुतला जाणार कसा?

धूर पाहायला शिका. काळा धूर आला तर आधी हवेचा फिल्टर बघा. वारीच्या दिवसांत रस्त्यावर जी धूळ उडते, ती सगळी तिथे अडते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. रिंगा झिजल्या असतील. झिजलेले लोखंड बाटलीने भरून येत नाही. गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर गाडी थांबवा. ते काम मिस्त्रीचे.

ऑइलमध्ये घालायच्या औषधाबद्दल मात्र आम्ही स्पष्ट सांगतो. जुन्या गाडीला ते धोक्याचे आहे. वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटतो. तो जाऊन ऑइल ओढणाऱ्या जाळीवर बसतो. ऑइल वर चढत नाही आणि लोखंडावर लोखंड घासते. झारीच्या चित्राचा तांबडा दिवा लागला तर जागच्या जागी इंजिन बंद करा. "पुढच्या गावापर्यंत जाऊ" म्हणाल तर इंजिनच खोलायची पाळी येईल. आणि तो खर्च कर्जाच्या हप्त्यावर येऊन बसेल.

काहीजण ऑइलमध्ये राकेल घालून इंजिन चालवतात. राकेलने ऑइल पातळ होते आणि त्याचा थर टिकत नाही. पेट्रोलमध्ये राकेल मिसळले तर काजळी उलट वाढते. स्वस्त म्हणून हे करू नये.

खरे सांगायचे तर चांगल्या ऑइलमध्ये सफाईचे औषध मुळातच घातलेले असते. डिझेल गाडीचे नवे ऑइल थोड्या दिवसांत काळे पडते, तेव्हा लोक दुकानदाराला शिव्या देतात. अहो, ते काळे पडते कारण ते काजळी आपल्या अंगावर घेते! गाडीच्या पुस्तकात लिहिले असेल तितक्या किलोमीटरांनी ते काढून टाकावे, फिल्टरही बदलावा. जुन्या गाडीचा गाळ काढायचा तर हाच उपाय बरा. एक-दोनदा ऑइल लवकर बदलावे, म्हणजे गाळ थोडाथोडा सुटतो.

एप्रिल २०२० पासून ज्या नव्या डिझेल मोटारी निघाल्या, त्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. भलत्या औषधाची राख त्यात अडकली तर तो तुंबतो, आणि नवा फार महाग पडतो. काही गाड्यांना युरियाचे पाणी लागते. त्याची टाकी वेगळी असते. ते पाणी चुकून डिझेलमध्ये पडले तर किल्ली फिरवू नका. आधी टाकी रिकामी करून घ्या.

आपल्या उसापासून इथेनॉल होते, हे तुम्ही ऐकले असेल. पेट्रोलमधले त्याचे प्रमाण देशात २०२२ साली १० टक्के झाले आणि २०२५ साली २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल पाणी ओढून घेते. जुन्या टाकीतला चिकटाही ते सोडवते, आणि तो फिल्टरात येतो. तेव्हा जुनी गाडी अडखळू लागली तर बाटलीच्या आधी पेट्रोलचा फिल्टर बदला. रबरी नळ्याही तपासून घ्या.

ट्रॅक्टरचे आणि विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचे काय, असे पुष्कळजण विचारतात. तिथे खरा शत्रू पाणी. डिझेलपेक्षा पाणी जड, म्हणून ते फिल्टरच्या तळाशी बसते. सकाळी इंजिन चालू करण्याआधी तळाचा स्क्रू जरा सैल करा आणि खाली वाटी धरा. आधी पाण्याचे थेंब पडतील. नुसते स्वच्छ डिझेल येऊ लागले, की स्क्रू घट्ट आवळा.