लघुलहरींचा पट्टा बदलताना



रेडिओवर स्टेशन बदलताना आपण नुसते एक बटण फिरवतो. परंतु ज्या शक्तिशाली ट्रान्समीटरवरून कार्यक्रम निघतो, त्याचा पट्टा बदलणे हे मोठे जोखमीचे काम आहे.

मुळात पट्टा बदलावा का लागतो? लघुलहरी आकाशातील विद्युत्भारित थरावरून परतून हजारो मैल जातात. हा थर मुख्यतः सूर्यकिरणांमुळे तयार होतो. दिवसा 15 मेगाहर्ट्झची लहर त्यावरून परतते. रात्री थर विरळ झाला की तीच लहर बहुधा त्याला भेदून अवकाशात निघून जाते. मग 6 किंवा 7 मेगाहर्ट्झचा आधार घ्यावा लागतो. ऋतूप्रमाणेही फरक पडतो. म्हणून मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जगभरची केंद्रे नवे वेळापत्रक लावतात. बी.बी.सी.ने 1932 साली डॅव्हेंट्रीहून साम्राज्यसेवा सुरू केली, तेव्हाही एका लहरीवर भागत नव्हते.

आता थोडे गणित. 300 ला मेगाहर्ट्झने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. 15 ला 20 मीटर, 6 ला 50 मीटर. लहर अडीचपट लांब झाली, तर कॉइल, कंडेन्सर आणि एरियल यांचीही जुळणी नव्याने करावी लागते. जुन्या यंत्रांत कॉइल हाताने बदलत. पुढे हे काम मोटारी करू लागल्या.

आकाशवाणीने 1994 साली बंगळूरला 500 किलोवॅटचे ट्रान्समीटर सुरू केले. शंभर वॅटचे पाच हजार दिवे एकदम लावावेत, एवढी ही शक्ती! म्हणून कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी शक्ती बंद, मग एरियल व जुळणी, मग कमी शक्तीवर तपासणी आणि शेवटी पूर्ण शक्ती. एरियल चुकले तर शक्ती उलटून यंत्रात येते, ठिणग्या उडतात, भाग जळतात. यंत्राचे दार उघडताच उच्च दाबाची वीज आपोआप तुटते. तरीही कंडेन्सरमध्ये भार उरू शकतो. त्यामुळे जमिनीला जोडलेली दांडी टेकवल्याशिवाय आत हात घालायचा नाही, हा नियम. तो मोडणाऱ्याच्या जिवावर बेतते.

हे सारे दोन कार्यक्रमांच्या मधल्या थोड्या मिनिटांत उरकायचे! कारण पलीकडे कोणी तरी कान लावून बसलेले असते. जहाजावरचा खलाशी, परदेशी मजुरीला गेलेला आपला माणूस, अशांना वर्षानुवर्षे याच लहरींवर मायदेशाची बातमी मिळाली.

विद्यार्थी मित्रहो, प्रयोगशाळेत आम्ही “आधी स्विच बंद करा” म्हणतो, ती कटकट समजू नका. विज्ञानात बुद्धीइतकीच शिस्तही लागते.