व्यापारी शिक्षणाची योग्य पायरी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



दहावी-बारावीनंतर व्यापाराचे शिक्षण घ्यायचे तर ते कोणत्या पायरीचे घ्यावे, या विषयावर बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. मी शिक्षणतज्ज्ञ नाही, कापड दुकानदार आहे. पाचगणीच्या निवासी शाळांतील मुलांच्या गणवेशाची मापे घेण्यात माझी चाळीस वर्षे गेली. त्याखेरीज आपल्या ट्रस्टच्या शिष्यवृत्ती समितीत बसून बरीच वर्षे अर्ज वाचत आलो. तेवढ्याच अधिकाराने बोलतो. मापे घेताना सहसा चुकलो नाही. अर्ज वाचताना मात्र चुकलो आहे, आणि ते आज सांगणार आहे.

प्रथम माझी स्वतःची गोष्ट. वडील चौथी इयत्ता शिकलेले. रोजमेळ, खतावणी, जमा-नावे सारे लाल वहीत, स्वच्छ अक्षरात. मी पसरणी घाट उतरून एस.टी.ने वाईच्या महाविद्यालयात जाऊ लागलो, तेव्हा नातलगांनी विचारले, “कापड फाडायला बी.कॉम. कशाला?” प्रश्न अगदीच गैर नव्हता. १९८१ साली शिवाजी विद्यापीठाची पदवी मिळाली आणि पहिली काही वर्षे तिचा उपयोग लग्नाच्या बोलण्यापुरताच झाला.

पुढे शाळांच्या मागण्या वाढल्या. जूनपूर्वी माल तयार हवा, आणि पैसे सत्र सुरू झाल्यावर मिळणार. मधल्या काळासाठी बँकेची कॅश क्रेडिट हवी होती. बँकेने ताळेबंद आणि मालसाठ्याचे विवरण मागितले. कोणाकडून किती येणे आहे हे वडिलांच्या वहीत पैन् पै होते. परंतु धंद्यात एकूण भांडवल किती गुंतले आहे, याचे उत्तर ती वही देत नव्हती. तेव्हा माझी पदवी कामी आली. उलट धुतल्यावर कापड किती आटते, कोणत्या मापाचे गणवेश वर्षअखेर पडून राहतात, इचलकरंजीच्या व्यापाऱ्याशी उधारीची मुदत कशी ठरवावी, यांपैकी काहीच मला पदवीने शिकवले नाही. ते गादीवर बसून शिकलो. ही दोन शिक्षणे वेगळी आहेत आणि दोन्ही लागतात.

आता आजच्या पायऱ्या पाहू. आमच्या वेळी मॅट्रिक, पदवी आणि मुंबई-पुण्याला जाऊन सी.ए., एवढेच ठाऊक होते. मधल्या पायऱ्या पुढे बांधल्या गेल्या. महाराष्ट्रात १९८८-८९ पासून अकरावी-बारावीच्या पातळीवर किमान कौशल्यावर आधारित व्यावसायिक अभ्यासक्रम आला. हिशेब व लेखापरीक्षण, विपणन, कार्यालय व्यवस्थापन असे विषय त्यात असत. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि नोकरी करणाऱ्यास पदवीचा मार्ग खुला झाला. २०१४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने बी.व्होक. ही पदवी आणली; तिची रचना मला फार शहाणपणाची वाटते. एक वर्ष पूर्ण केले तर पदविका, दोन वर्षांनी प्रगत पदविका, तीन वर्षांनी पदवी. घरी अडचण आली म्हणून शिक्षण थांबले, तरी झालेले वर्ष वाया जात नाही. केंद्र सरकारने २०१३ साली कौशल्य पात्रतेचा राष्ट्रीय आराखडा अधिसूचित केला, त्यात दहा पातळ्या होत्या. २०२३ च्या नव्या रचनेत त्या आठ झाल्या. त्यानुसार बारावी म्हणजे चौथी पातळी आणि तीन वर्षांची पदवी म्हणजे साडेपाचवी. हे आकडे पाठ करण्याची आवश्यकता नाही. पण एखादी संस्था प्रमाणपत्र देऊ लागली, तर ते कोणत्या पातळीचे आणि कोणाच्या मान्यतेचे, हे विचारण्याचा अधिकार पालकास आहे. आपण कापड घेताना सूत आणि पन्हा विचारतो. लाखो रुपये शुल्क भरताना मात्र संकोचतो.

याच संकोचातून माझी पहिली चूक घडली. माझा धाकटा मुलगा बी.कॉम. झाला आणि त्याने दुकानातच बसावे असे ठरले. तरीही ‘एम.बी.ए.’ हे शब्द पत्रिकेवर शोभतील, या मोहाने मी त्यास एका मोठ्या शहरातील खासगी संस्थेत घातले. संस्थेचे नाव सांगत नाही. माहितीपत्रक गुळगुळीत कागदाचे होते आणि अभ्यासक्रम एम.बी.ए.च्या समकक्ष असल्याचे तोंडी सांगण्यात आले. दोन वर्षांनी कळले की त्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यताच नव्हती. पैसे गेले, त्याचे दुःख कमी; मुलगा परत आला तेव्हा त्याला बाजारपेठेचे विश्लेषण करता येत होते, पण खरेदीच्या बिलांचा ताळा जमवता येत नव्हता. २०१७ च्या जुलैत जी.एस.टी. लागू झाला, तेव्हा आम्हा दोघांना सी.ए.च्या कार्यालयातील एका तरुण मदतनिसाने समोर बसवून शिकवले. त्या मुलाचे शिक्षण बारावी आणि दोन वर्षांची उमेदवारी. माझ्या मुलाला खरी गरज होती ती एखाद्या घाऊक पेढीवर वर्षभर राबण्याची, किंवा कापडाचेच शास्त्रशुद्ध शिक्षण हवे असते तर इचलकरंजीच्या डी.के.टी.ई. संस्थेची चौकशी करण्याची. त्या वेळी मला ती पायरी लहान वाटली.

दुसरी चूक अधिक गंभीर, कारण ती दुसऱ्याच्या मुलीच्या बाबतीत झाली. ती मुलगी आज या सभेत बसली आहे आणि तिच्या अनुमतीने सांगतो. तिचे वडील लवकर गेले. आई आमच्याच दुकानाचे गणवेश शिवत असे. मुलीला बारावी वाणिज्यला एक्याऐंशी टक्के मिळाले. अर्ज समितीपुढे आला तेव्हा मीच म्हणालो, “हिला लवकर कमावती करणे गरजेचे आहे. टायपिंग आणि सहा महिन्यांचा टॅलीचा वर्ग पुरे.” सर्वांनी माना डोलावल्या. तिला एका पतसंस्थेत नोकरी लागली आणि आम्ही वार्षिक अहवालात तिचा उल्लेख अभिमानाने केला. पुढील सहा वर्षे ती त्याच खुर्चीवर नोंदी करीत राहिली. वरच्या पदासाठी पदवी हवी होती. तिच्या मागून आलेले, तिच्याहून कमी जाणणारे पदवीधर वर गेले. अखेर तिने रात्री अभ्यास करून मुक्त विद्यापीठाची बी.कॉम. मिळवली आणि त्यानंतर सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. परीक्षा उत्तीर्ण केली. या परीक्षेस लेखापरीक्षणाच्या अनुभवाची जोड मिळाली की सहकारी संस्थांचे लेखापरीक्षक होण्याचा मार्ग मोकळा होतो. सहकाराने भरलेल्या सातारा-सांगलीत या पात्रतेला किती काम आहे, हे मी सांगण्याची गरज नाही.

बारावीच्या त्या गुणांवर ती सी.ए.च्या प्रवेश परीक्षेला बसू शकली असती. ते परवडणारे नव्हते असे कोणी म्हणेल. पण फाउंडेशन आणि इंटरमिजिएट घरी राहून देता येतात, आणि पुढे आर्टिकलशिपमध्ये थोडे का होईना, विद्यावेतन मिळते. २०२३ च्या नव्या योजनेत तिचा काळही तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला. माझ्या मुलावर जी रक्कम मी वाया घालवली, तिच्या अल्प अंशात ट्रस्टला तिचा हा खर्च उचलता आला असता. ही दोन्ही प्रकरणे एकाच वर्षीची आहेत. एका ठिकाणी पायरी फार उंच निवडली, दुसऱ्या ठिकाणी फार ठेंगणी. पण चूक एकच होती. दोन्ही वेळा मी काम पाहिले नाही, मुलाची कुवत पाहिली नाही. घर पाहिले.

कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच परिसरातले, आपल्याच समाजात जन्मलेले. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले, पण शालेय शिक्षण पूर्ण झाले नाही. ओगल्यांच्या काचसामानाची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करीत ते गावोगाव फिरले. त्यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग साताऱ्यात रुजवला. कमावण्याची गरज असलेल्या विद्यार्थ्यास खालच्या पायरीवर थांबवून ठेवणे, असा त्याचा अर्थ नव्हता; कमावता कमावता त्यास वरपर्यंत जाता यावे, असा होता. त्या दिवशी समितीत बसलेल्या आम्हा सर्वांना कर्मवीरांचे चरित्र ठाऊक होते.

म्हणून पालकांना माझे सांगणे थोडके आहे. मुलगा घरच्या दुकानात बसणार असेल, तर बी.कॉम. आणि परक्या पेढीवर एक वर्ष, एवढे पुष्कळ झाले. परक्या यासाठी की घरच्या गादीवर कोणी रागावत नाही. शाळांच्या किंवा हॉटेलांच्या कार्यालयात लवकर नोकरी हवी असेल तर लहान अभ्यासक्रम अवश्य करावा, पण त्याच वर्षी मुक्त विद्यापीठात नाव घालावे. बी.बी.ए.ला जायचे असेल तर २०२४-२५ पासून तो अभ्यासक्रम तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला आहे, हे ध्यानात ठेवून मान्यतेचे पत्र स्वतः पाहावे. आणि ज्या मुलास आकड्यांची गोडी आहे, त्याच्या घरची स्थिती पाहून त्याला सी.ए.पासून परावृत्त करू नये. मुलीस तर मुळीच नाही.

शिष्यवृत्ती समितीकडे मी एक सूचना लेखी दिली आहे. अर्जातील पालकांच्या व्यवसायाचा आणि उत्पन्नाचा रकाना शेवटच्या पानावर न्यावा, आणि अभ्यासक्रम ठरल्यावरच ते पान उघडावे. मदतीची रक्कम ठरवायला तो रकाना लागतो, अभ्यासक्रम ठरवायला लागत नाही. विश्वस्तांनी ही सूचना मान्य केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मघाशी जिच्याविषयी बोललो, त्या भगिनीने यंदापासून समितीत काम करण्याचे स्वीकारले आहे. तिच्या शेजारी बसून अर्ज वाचणे मला थोडे जड जाईल. अर्ज ट्रस्टच्या कार्यालयात मिळतील. पालकांनी येताना मुलामुलींना सोबत आणावे आणि प्रश्नांची उत्तरे त्यांनाच देऊ द्यावीत.