नकाराचे बहुमत

१५ जानेवारी २०१९ च्या रात्री ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभेत एक मतमोजणी झाली. पंतप्रधान थेरेसा मे यांनी युरोपीय संघाशी जवळजवळ दीड वर्ष वाटाघाटी करून विभक्त होण्याचा जो करार सिद्ध केला होता, तो सभेपुढे मान्यतेसाठी होता. कराराच्या बाजूने २०२ मते पडली आणि विरुद्ध ४३२. ब्रिटनच्या अर्वाचीन संसदीय इतिहासात कोणत्याही सरकारच्या वाट्याला एवढा दारुण पराभव आलेला नव्हता. परंतु खरे नवल पुढेच आहे. दुसऱ्याच दिवशी त्याच सभेपुढे सरकारवरील अविश्वासाचा ठराव आला आणि तो ३२५ विरुद्ध ३०६ मतांनी फेटाळला गेला. ज्या सरकारचे सर्वांत महत्त्वाचे कार्य सभेने आदल्या रात्री धुडकावून लावले होते, त्याच सरकारने अधिकारावर राहावे, असा निर्णय त्याच सभेने दिला! सरकारला राज्य करता येईना आणि जाताही येईना. देशाला युरोपात राहता येईना आणि बाहेरही पडता येईना. संसदीय लोकशाहीचे माहेरघर मानल्या गेलेल्या देशावर असा प्रसंग का यावा?

हा प्रश्न मुळात जुना आहे. १९५७ साली सहा राष्ट्रांनी रोम येथे तह करून समाईक बाजारपेठेचा पाया घातला, तेव्हा ब्रिटन बाहेर राहिले. पुढे आत जावेसे वाटले, तेव्हा फ्रान्सचे अध्यक्ष जनरल द गॉल यांनी १९६३ आणि १९६७ मध्ये दोनदा दार लावून घेतले. अखेर १ जानेवारी १९७३ रोजी, एडवर्ड हीथ यांच्या कारकीर्दीत, प्रवेश मिळाला. १९७५ साली सार्वमत घेण्यात आले आणि शेकडा ६७ मतदारांनी राहण्याचा कौल दिला. तरीही हे नाते मनोमन जुळले असे कधी झाले नाही. बाजारपेठेचा पुढे संघ झाला. पुष्कळसे नियम ब्रुसेल्समध्ये ठरू लागले. संघातील नागरिकांना कोणत्याही सभासद देशात जाऊन काम करण्याचा हक्क मिळाला. २००४ साली पूर्वेकडील राष्ट्रे संघात आल्यावर पोलंडसारख्या देशांतून लाखो लोक कामधंद्यासाठी ब्रिटनमध्ये आले. आपले कायदे आपणच करावेत, आपल्या वेशीतून कोणाला आत घ्यावयाचे ते आपणच ठरवावे, ही भावना तेथे बळावत गेली. तिला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. स्वराज्याचे मोल जाणणाऱ्या भारतीय श्रोत्याला ती समजण्यासारखी आहे.

हुजूर पक्षातील या प्रश्नावरची दुफळी एकदाची मिटावी, या हेतूने पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी सार्वमताचे वचन दिले. २३ जून २०१६ रोजी ते पार पडले. संघाबाहेर पडावे म्हणणारे १ कोटी ७४ लाख निघाले आणि राहावे म्हणणारे १ कोटी ६१ लाख. म्हणजे शेकडा ५२ विरुद्ध ४८. इंग्लंड आणि वेल्स यांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. स्कॉटलंडमध्ये शेकडा ६२ आणि उत्तर आयर्लंडमध्ये जवळजवळ ५६ मते राहण्याच्या बाजूने पडली. कॅमेरन यांनी राजीनामा दिला आणि थेरेसा मे पंतप्रधान झाल्या.

या सार्वमतात एक गोष्ट अशी होती की, जिच्याकडे भारतात फारसे लक्ष गेले नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुलातील नागरिकांना मताचा अधिकार होता. भारतीय पारपत्र बाळगणारा नाशिकचा एखादा डॉक्टर तेथील रुग्णालयात नोकरी करीत असेल, तर तो मत देऊ शकत होता. त्याच्या शेजारी काम करणाऱ्या पोलिश परिचारिकेला मात्र, जिचे सारे भवितव्य या कौलावर अवलंबून होते, मत नव्हते. लंडनमध्ये १९३२ सालापासून महाराष्ट्र मंडळ नांदत आहे. तेथील मराठी माणसालाही हा वाद परक्याच्या घरचा नव्हता.

पेचाचे मूळ मतपत्रिकेवरील प्रश्नातच होते. राहावयाचे की जावयाचे, एवढेच तेथे विचारले होते. राहणे म्हणजे काय, हे सर्वांना ठाऊक होते. परंतु जाणे म्हणजे काय? संघ सोडावा पण त्याच्या बाजारपेठेत राहावे, जसे नॉर्वे राहते, असे काहींचे मत होते. केवळ जकात-संघात राहावे, असे दुसरे म्हणत. सर्व पाश तोडून जगाशी स्वतंत्र करार करावेत, असे तिसऱ्यांचे म्हणणे होते. मत देताना हे सारे एका रांगेत उभे होते. मते मोजून झाल्यावर त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. एकत्र कुटुंबात वाटणी व्हावी यावर भावांचे एकमत होते. पण सामाईक विहिरीचे काय, हा प्रश्न निघाला की पंचांना दिवस पुरत नाहीत. तसाच हा प्रकार झाला.

ब्रिटनच्या वाटणीतील ही विहीर म्हणजे आयर्लंडची सरहद्द. आयर्लंडचे प्रजासत्ताक संघाचे सभासद आहे आणि उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग आहे. दोहोंमधील सरहद्द सुमारे ५०० किलोमीटर लांबीची असून ती शेतांतून, गल्ल्यांतून, क्वचित घरांच्या अंगणांतून जाते. उत्तरेकडील दूध प्रक्रियेसाठी दक्षिणेत जाते. या प्रदेशात तीस वर्षे यादवी पेटलेली होती आणि तीत ३,५०० हून अधिक माणसे प्राणास मुकली. १९९८ च्या बेलफास्ट करारानंतर लष्करी चौक्या उठल्या. जकातीच्या चौक्या त्यापूर्वीच, १९९३ मध्ये एकीकृत बाजारपेठ अस्तित्वात आली तेव्हा, निरर्थक झाल्या होत्या. माणसे अलीकडून पलीकडे कामाला जाऊ लागली. शांतता म्हणजे काय, तर सरहद्द दिसेनाशी होणे, अशीच तेथील व्याख्या झाली.

आता जकात-संघाचा नियम पाहावा. संघातील देश एकमेकांच्या मालावर जकात घेत नाहीत आणि बाहेरच्या मालावर सर्वजण एकाच दराने घेतात. म्हणून सभासदाला बाहेरच्या देशाशी जकातीचा स्वतंत्र करार करता येत नाही. आणि जो बाहेर पडला, त्याच्या वेशीवर तपासणी अपरिहार्य होते. महाराष्ट्रातील शहरांच्या तोंडाशी जकात नाक्यावर मालमोटारींच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचा अर्थ सांगावयास नको. योगायोग असा की, १ जुलै २०१७ रोजी नव्या करपद्धतीबरोबर मुंबईचे जकात नाके बंद झाले, आणि त्याच उन्हाळ्यात ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात नवा नाका कोठे उभारावा याची बोलणी सुरू झाली.

ब्रिटिश सरकारने तीन वचने दिलेली होती. एक, जकात-संघ आणि एकीकृत बाजारपेठ सोडू. दोन, आयर्लंडच्या सरहद्दीवर चौकी उभारणार नाही. तीन, उत्तर आयर्लंड आणि उर्वरित ब्रिटन यांच्यामध्येही अडसर घालणार नाही. यांतील कोणतीही दोन वचने पाळता येतात. तिन्ही एकदम पाळता येत नाहीत. मे यांच्या करारात यावर एक राखीव तरतूद होती. अन्य उपाय सापडेपर्यंत सबंध ब्रिटनने संघाशी समाईक जकात-प्रदेशात राहावयाचे, आणि उत्तर आयर्लंडला बाजारपेठेचे आणखी काही नियम लागू करावयाचे. हुजूर पक्षातील कडव्या मंडळींना वाटले, हा कायमचा फास आहे. उत्तर आयर्लंडच्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाला वाटले, आपल्याला मायदेशापासून तोडले जात आहे. जून २०१७ ची निवडणूक मे यांनी बहुमत वाढविण्यासाठी घेतली होती. ती त्यांना ३१७ जागांवर घेऊन आली, आणि या पक्षाच्या दहा मतांवाचून त्यांचे पान हालेना.

यानंतरचा वृत्तान्त आकड्यांतच सांगितलेला बरा. १२ मार्च २०१९ रोजी करार दुसऱ्यांदा फेटाळला गेला, ३९१ विरुद्ध २४२ मतांनी. १३ मार्चला करारावाचून जाणेही सभेने अमान्य केले. एका अधिवेशनात तोच प्रस्ताव पुन्हा मांडता येणार नाही, या १६०४ सालापासूनच्या दंडकाची आठवण सभापतींनी १८ मार्चला करून दिली. २७ मार्चला सभासदांनी सूत्रे आपल्या हाती घेऊन आठ पर्याय मतास टाकले; एकालाही बहुमत मिळाले नाही. १ एप्रिलला चार पर्याय पुन्हा आले, तेही पडले. जकात-संघात राहण्याचा पर्याय २७३ विरुद्ध २७६, म्हणजे अवघ्या तीन मतांनी हुकला. मध्यंतरी २९ मार्च उजाडला. संघ सोडण्याचा मूळ मुहूर्त तोच होता. त्याच दिवशी करार तिसऱ्यांदा फेटाळला गेला. काय नको, यावर सभेत दर वेळी बहुमत होते. काय हवे, यावर एकदाही नव्हते.

सभागृहातील या कोंडीचा ताण सामान्य माणसांना सोसावा लागत होता. संघातील इतर देशांचे तीस लाखांहून अधिक नागरिक ब्रिटनमध्ये घरदार करून राहत होते. उद्या आपला हक्क काय, हे त्यांना कोणी ठामपणे सांगू शकत नव्हते. औषधांच्या कंपन्यांना सहा आठवड्यांचा जादा साठा करण्यास सरकारने सांगितले. डोव्हर बंदराच्या वाटा तुंबल्या तर काय करावे, याची रंगीत तालीम म्हणून केंटमधील एका जुन्या विमानतळावर मालमोटारी नेऊन उभ्या करण्यात आल्या. टाटांच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरने एप्रिलमध्ये कारखाने आठवडाभर बंद ठेवण्याचे ठरविले. मुहूर्त पुढे गेला, तरी ठरलेली बंदी मागे घेणे सोपे नव्हते. संघ सोडण्याची सूचना रद्द करावी, अशा अर्जावर मार्च २०१९ मध्ये साठ लाखांवर लोकांनी सह्या केल्या. आणि कौल डावलला जात आहे, अशा संतापाने दुसरा जमावही पार्लमेंटच्या दाराशी आला.

याहून गंभीर बिघाड बोलण्याचालण्यात झाला. सार्वमताच्या आठवडाभर आधी, १६ जून २०१६ रोजी, राहण्याच्या बाजूच्या तरुण खासदार जो कॉक्स यांचा त्यांच्याच मतदारसंघात एका माथेफिरू अतिरेक्याने खून केला. त्या दिवशी दोन्ही बाजूंनी प्रचार थांबविला. परंतु तो धडा टिकला नाही. पार्लमेंटला विचारल्याखेरीज सरकारला संघ सोडण्याची सूचना देता येणार नाही, असा निर्णय देणाऱ्या तीन न्यायाधीशांना एका वृत्तपत्राने जनतेचे शत्रू ठरविले. खासदारांना ठार मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या. जेवणाच्या टेबलावर हा विषय काढावयाचा नाही, असे कित्येक कुटुंबांनी ठरवून टाकले. कोणीही पराभव मान्य करावा अशी स्थिती उरली नाही. कारण आपण नेमके कशात हरलो, हेच ठरलेले नव्हते.

२४ मे २०१९ रोजी मे यांनी भरल्या कंठाने राजीनाम्याची घोषणा केली. त्यांच्या जागी आलेल्या बोरिस जॉन्सन यांनी पार्लमेंट पाच आठवडे तहकूब करविले. सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी २४ सप्टेंबरला एकमताने ती तहकुबी बेकायदा ठरविली. जॉन्सन यांनी नवा करार आणला. त्याच्या विधेयकाला २२ ऑक्टोबरला ३२९ विरुद्ध २९९ मतांनी तत्त्वतः संमती मिळाली, आणि त्याच संध्याकाळी ते घाईने संमत करण्याचे वेळापत्रक सभेने नामंजूर केले! अखेर १२ डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत मतदारांनीच कोंडी फोडली. हुजूर पक्षाला ३६५ जागा मिळाल्या आणि ३१ जानेवारी २०२० च्या रात्री ब्रिटन संघाबाहेर पडले.

मग विहिरीचा प्रश्न सुटला काय? नाही, तो हलला. जॉन्सन यांनी तीन वचनांपैकी तिसरे सोडून दिले. आयर्लंडच्या भूमीवर होऊ न दिलेली तपासणी समुद्रावर आली, आणि ब्रिटनहून उत्तर आयर्लंडला जाणाऱ्या मालाला कागदपत्रे लागू लागली. त्याच्या निषेधार्थ युनियनिस्ट पक्ष फेब्रुवारी २०२२ मध्ये बेलफास्टच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडला. २०२३ मध्ये विंडसर येथे दुरुस्तीची चौकट ठरली, तरी तेथील कारभार पूर्ववत् व्हावयास फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. लंडनची कोंडी दोन वर्षे बेलफास्टला जाऊन राहिली होती.

या सर्व प्रकरणात ब्रिटिश लोकशाही मोडली, असे म्हणता येणार नाही. न्यायालये आपल्या जागी ठाम राहिली, पार्लमेंटने सरकारला जाब विचारला, आणि शेवटचा शब्द मतपेटीनेच उच्चारला. परंतु साडेतीन वर्षे गेली, दोन पंतप्रधान गेले, आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांतील विश्वास किती गेला याचे मोजमाप नाही. लोकांचा कौल शिरोधार्ह खरा. पण कौल लावण्यापूर्वी देवापुढे काय मागणे ठेवावयाचे, हे पक्के करावे लागते. मोडावयाचे की ठेवावयाचे, एवढेच विचारून भागत नाही. मोडल्यावर काय उभारावयाचे, त्याची किंमत काय आणि ती कोणी द्यावयाची, हेही त्याच वेळी सांगावे लागते. ते सांगणे हे पुढाऱ्यांचे काम आहे. त्यांनी ते टाळले, की त्याचा भार सरहद्दीवरच्या शेतकऱ्यावर आणि मत नसलेल्या परिचारिकेवर जाऊन पडतो.